वस्त्रे कोणाच्या हातची?

रायगडच्या किनाऱ्याने महाराष्ट्राला दोन कारभारप्रमुख दिले. १७१३ मध्ये शाहू छत्रपतींकडून पेशवेपदाची वस्त्रे स्वीकारणारे बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेणारे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे, आणि विधानसभेत ते प्रतिनिधित्व करत तेही श्रीवर्धनचेच. दोघांमध्ये सुमारे पावणेतीनशे वर्षांचे अंतर आहे. एक राजाचा प्रधान, दुसरा संघराज्यातल्या एका घटकराज्याचा लोकनियुक्त सरकारप्रमुख. तरीही हे दोन कालखंड शेजारी ठेवून पाहावेत असे मला वाटते, कारण दोन्हींतून एकच गोष्ट ठळकपणे दिसते. सरकारप्रमुखाच्या पदाचे बळ त्याच्या लेखी अधिकारांवरून ठरत नाही. ते पद कोण देतो, कोण काढून घेतो आणि हे दोन्ही उघडपणे होते की नाही, यावर ठरते. देणारा खंबीर आणि समोर असेल तर पद निकोप राहते. तो दुबळा झाला, दूर गेला किंवा पडद्याआड राहिला, की पदावरचा माणूस कितीही कर्तबगार असो, पदाला कीड लागते.

सुरुवात रायगडावरूनच करायला हवी. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाने अष्टप्रधानांच्या व्यवस्थेला पक्के रूप आले. मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान झाले. या प्रधानांना नेमलेले रोख वेतन होते. जहागिरी देऊन त्यांची मुळे जमिनीत रुजू द्यायची नाहीत, असा शिवछत्रपतींचा कटाक्ष होता. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयाचा विचार करताना याच मुद्द्यावर भर दिला होता: अधिकाराची पदे वंशपरंपरेने चालू द्यायची नाहीत, हे त्या राज्यकारभाराचे मर्म होते आणि पुढे ते सुटले. रोख वेतन घेणारा प्रधान उद्या बदलता येतो. गावे आणि फौज सरंजामात मिळालेला प्रधान बदलायचा म्हणजे लढाईच करावी लागते. राजारामांच्या काळात मोगलांशी झुंजताना तिजोरी रिकामी होती, तेव्हा सरदारांना सरंजाम देऊन राज्य तगवावे लागले. त्या संकटात दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण अडचणीत केलेली सोय संकट टळल्यावरही कायम राहिली.

तरीही १७१३ मध्ये पेशवेपद काढून घेता येत होते. त्या वर्षी पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांवर चालून गेले आणि त्यांच्याच कैदेत सापडले. शाहूंनी पद पिंगळ्यांच्या घरातून काढून बाळाजी विश्वनाथांना दिले. बाळाजींनी तलवार न उपसता कान्होजींना शाहूंच्या पक्षात आणले, सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडे ठेवून समेट केला, आणि किनाऱ्यावरचे मराठी आरमार सातारच्या गादीशी जोडले. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या त्याही त्यांनीच. म्हणजे पिढीजात पेशवाईचा हा मूळपुरुष स्वतः मात्र वारशाने आलेला नव्हता. आधीचा प्रधान अपयशी ठरला म्हणून त्याला बदलले आणि नवा कर्तृत्व पाहून नेमला, अशी ती नेमणूक होती.

१७२० मध्ये बाळाजी वारले तेव्हा दरबारातल्या जुन्या मंडळींची नाराजी बाजूला सारून शाहूंनी त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, बाजीरावाला, वस्त्रे दिली. निवड अचूक ठरली, आणि तिथूनच ती सवय झाली. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू निवर्तले. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने कारभाराची सारी सूत्रे पेशव्यांच्या हाती गेली आणि छत्रपती साताऱ्यात नावापुरते उरले. विधी मात्र सुटला नाही. १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले, तेव्हा अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याहून पेशवेपदाची वस्त्रे पुरंदरावर आणवली गेली. वडिलांचा खून झालेला, वडिलांचाच चुलता पदासाठी टपलेला आणि बारभाई कारभार पाहत असलेले. पाळण्यातल्या मुलाला राज्याचा मुख्य प्रधान करायला वस्त्रे लागत होती, पण ती नाकारण्याची ताकद साताऱ्यात उरली नव्हती. रीत शाबूत होती, तिच्यातला निर्णय संपला होता. अशा पदाला शेवटी दुसरा धनी मिळतोच. ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांकडून हडपसरला हार खाऊन दुसरा बाजीराव पुण्यातून पळाला, महाडमार्गे किनाऱ्याला लागला, वसईला पोचला, आणि ३१ डिसेंबरला कंपनीशी तह करून त्याने पेशवेपद इंग्रजांच्या हातून परत घेतले. १८१८ मध्ये त्यांनीच ते संपवले.

यावर कोणी म्हणेल, पद वारशाने चालले म्हणूनच सलग धोरण राहिले आणि मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. आक्षेप गैरलागू नाही. बाजीराव, नानासाहेब, माधवराव ही माणसे मोठीच होती. पण त्यांचे मोठेपण वारशाने हमखास येणारे नव्हते, हे पुढच्या पिढ्यांनी दाखवून दिले. चांगला माणूस मिळाला की कोणतीही व्यवस्था चालते. वाईट माणूस आला तर त्याला वेळेत कोण दूर करणार, यात व्यवस्थेची खरी परीक्षा असते. दुसऱ्या बाजीरावाला दूर करायला घरचा कोणी समर्थ राहिला नव्हता, म्हणून ते काम परक्याने केले.

आता संघराज्याच्या काळाकडे येऊ. घटनेच्या १६४व्या कलमानुसार मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि मंत्रिमंडळ सामुदायिकपणे विधानसभेला जबाबदार असते. म्हणजे वस्त्रे राजभवनातून येतात, पण ती देण्याघेण्याचा खरा अधिकार विधानसभेचा, आणि तिच्यामार्फत मतदाराचा. कागदावर हे इतके स्वच्छ आहे. प्रत्यक्षात १९६० नंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत हा अधिकार विधिमंडळ पक्ष आणि दिल्ली यांच्यात वाटला गेला होता. यशवंतराव चव्हाणांचे राज्यातल्या पक्षसंघटनेवर वजन होते, म्हणून ते १९६२ मध्ये संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले तरी इथल्या निवडीत इथल्या आमदारांचे मत मोजले जात होते. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षे टिकले त्यामागे हा तोल होता. १९७५ मध्ये नाईक गेले आणि शंकरराव चव्हाण आले, तेव्हा पारडे दिल्लीकडे झुकल्याचे स्पष्ट झाले.

अंतुले आले ते या झुकलेल्या पारड्यातून. १९८० च्या निवडणुकीत काँग्रेस (इं) ने २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या, पण मुख्यमंत्री कोण हे ठरले इंदिरा गांधींच्या शब्दावर. अंतुल्यांची कारकीर्द जेमतेम दीड वर्षाची, आणि ती कामाच्या दृष्टीने रिकामी मुळीच नव्हती. निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. गावोगावच्या तहसील कचेरीत म्हाताऱ्या, एकट्या बायका आजही जिच्यासाठी अर्ज करतात ती हीच. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्हा रायगड झाला. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबाद भागातून जालना हे जिल्हे वेगळे निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले, त्याला सरकारचा पाठिंबा होता. कोकणातला, मुसलमान समाजातला, साखरपट्ट्यातल्या कोणत्याही घराण्याचा आधार नसलेला माणूस एवढ्या वेगाने निर्णय घेतो, हे राज्याला नवे होते.

पण याच माणसाचे पद ज्या कारणाने गेले ते पदाच्या मुळाशीच होते. त्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परवान्याशिवाय पोते मिळत नसे, आणि टंचाईत परवाना म्हणजेच पैसा. मुख्यमंत्र्यांनी इंदिरा गांधींच्या नावाने प्रतिभा प्रतिष्ठान काढले. त्याला आणि इतर न्यासांना बांधकाम व्यावसायिकांकडून देणग्या येत आणि त्यांना सिमेंटचे वाटप होई, असा आरोप अरुण शौरींनी ३१ ऑगस्ट १९८१ च्या इंडियन एक्स्प्रेसमध्ये जाहीरपणे मांडला. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि वाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला, आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. न्यासाला कोणाचे नाव दिले गेले, हा तपशील मला इथे निर्णायक वाटतो. ज्याचे पद आमदारांच्या हाती असते तो आमदारांना सांभाळतो. ज्याचे पद दिल्लीतल्या एका व्यक्तीच्या हाती असते तो त्या व्यक्तीच्या नावाने संस्था उभारतो.

इथे दुसरा आक्षेप येतो: न्यायालयाने दूर केलेच ना, मग व्यवस्था चालली असेच म्हणायचे. न्यायालयाने आपले काम केले, याबद्दल कृतज्ञच राहायला हवे. पण पुढचा प्रवास पाहा. खटला कोणत्या न्यायालयात चालावा, आमदार हा कायद्याच्या भाषेत लोकसेवक ठरतो का, खटल्याला परवानगी कोणाची, या प्रश्नांवर वर्षे गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमदार त्या व्याख्येत बसत नाही असे सांगून खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेशच चुकीचा ठरवला. सहा वर्षांच्या लढाईत कायद्याला मोलाचे निकाल मिळाले, पण राज्याच्या जनतेला आपल्या सभागृहाकडून सरळ उत्तर कधी मिळाले नाही. न्यायालय गुन्हा तपासते. विश्वास उरला की नाही हे ठरवण्याचे काम विधानसभेचे, आणि ते तिने केले नाही. अंतुले गेल्यावर बाबासाहेब भोसले यांचे नाव दिल्लीहून आले. वर्षभराने तेही गेले आणि वसंतदादा पाटील आले. १९८० ते १९९० या दहा वर्षांत एकाच पक्षाचे बहुमत सतत असूनही अंतुले, भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा जण त्या खुर्चीवर बसले. दिल्लीपुरतीच ही गोष्ट राहिली नाही. १९९९ च्या जानेवारीत मनोहर जोशींचा राजीनामा मातोश्रीच्या आदेशाने झाला. देणाराघेणारा मुंबईतलाच असला तरी तोही सभागृहाच्या बाहेरच होता.

साठ वर्षांहून अधिक काळाचा हा हिशेब मांडला तर एक गोष्ट मन अस्वस्थ करते. विधानसभेत मतदान होऊन विश्वास गमावला आणि म्हणून पायउतार झाला, असा एकही मुख्यमंत्री महाराष्ट्राच्या इतिहासात सापडत नाही. १९७८ मध्ये वसंतदादा, नोव्हेंबर २०१९ मध्ये देवेंद्र फडणवीस, जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे: तिघांनीही मतदानाला सामोरे जाण्यापूर्वी राजीनामा दिला. त्याची किंमत काय असते ते ११ मे २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दाखवले. राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश देणे समर्थनीय नव्हते असे घटनापीठ म्हणाले, पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीची स्थिती परत आणता येत नाही, असेही म्हणाले. सभागृहातले मतदान हा केवळ उपचार आहे असे मानणाऱ्यांसाठी तो निकाल पुरेसा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: लोक पक्षाला मत देतात, मग नेता पक्षाने निवडला तर बिघडले कुठे? पक्षाने निवडण्यात काहीच गैर नाही. प्रश्न आहे तो पक्षातल्या कोणी आणि कोणासमोर. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांना त्यांच्याच पक्षाच्या खासदारांच्या मोजलेल्या मतांत आवश्यक आघाडी मिळाली नाही, म्हणून माघार घ्यावी लागली. जर्मनीच्या संघराज्यात तर सभागृह चॅन्सेलरला दूर करू शकते ते त्याचा उत्तराधिकारी मतदानाने निवडूनच. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले ते असेच, दिवसाढवळ्या, संसदेत. ज्या वर्षी आपल्या राज्यात एका मुख्यमंत्र्याच्या जागी दुसऱ्याचे नाव दिल्लीहून आले, त्याच वर्षीची ही घटना. अस्थैर्याची भीतीही तिथे फोल ठरली, कारण जुना जाण्याआधी नवा ठरलेला असतो. भारतातही २००२ मध्ये न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनरावलोकन आयोगाने असा रचनात्मक अविश्वास ठराव आणि सभागृहातच नेत्याची निवड सुचवली होती. ती शिफारस धूळ खात पडली. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, पण त्याने आमदाराला पक्षादेशाशी बांधले; आपला नेता निवडण्याचा अधिकार त्याला दिला नाही.

म्हणून आज मागणी करावी ती तीन साध्या गोष्टींची. निवडणुकीनंतर मुख्यमंत्री सभागृहात, नोंदवलेल्या मतदानाने निवडला जावा. त्याला काढायचे तर नवा निवडूनच काढावा. आणि ज्याला जायचे असेल त्याने राजभवनाच्या वाटेवर जाण्याआधी विधानसभेत उभे राहून कारणे सांगावीत. या तिन्हींत व्यक्ती कोण आणि पक्ष कोणता याचा प्रश्नच येत नाही. शिवछत्रपतींनी प्रधानांना जहागीर नाकारली ती याच सावधपणातून: पद कोणाच्याही घरचे होऊ नये आणि देणाऱ्याने ते परत मागितले तर मिळावे. प्रजासत्ताकात देणारा मतदार आहे. रायगडच्या किनाऱ्यावरून गेलेल्या दोन कर्तबगार माणसांच्या कारकिर्दींनी आपल्याला शिकवले ते एवढेच की, माणूस निवडताना जितकी काळजी घ्यायची तितकीच त्याला बदलण्याची वाट उघडी ठेवतानाही घ्यायला हवी. ती वाट आज सभागृहाबाहेर गेली आहे. तिला परत आत आणणे हे मतदारांचे आणि त्यांच्या आमदारांचे काम आहे.