यकृत् सूत्रण रोग, भारतीय बालकांतील

सुमारे सहा महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांत यकृतातील कोशिका (पेशी) क्रमाक्रमाने नष्ट होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक तयार होते आणि यकृत टणक बनते. या विकारास वरील संज्ञा दिली जाते. त्याचे पहिले वर्णन सेन यांनी १८८७ मध्ये कलकत्ता येथे केले. विसाव्या शतकात बराच काळ परिचित असलेला हा रोग १९९० नंतर विरळा झाला आहे.

आरंभ अत्यंत मंद असतो. मूल चिडचिडे होते, भूक मंदावते, बारीक ताप येतो आणि पोट मोठे दिसू लागते. बरगडीखाली यकृताची धारदार, टणक कडा हाताला लागते. कावीळ मात्र या अवस्थेत बहुधा नसते. पुढे यकृताकडे रक्त नेणाऱ्या नीलेतील दाब वाढून प्लीहा (पाणथरी) मोठी होते. जलोदर, पायांवर सूज, कावीळ व रक्तस्राव उद्भवतात आणि अखेर बेशुद्धी येते.

रक्ततपासणीचे सर्व आकडे एकाच गोष्टीविषयी सांगत नाहीत. ट्रान्सॲमिनेज एंझाइमांची वाढ कोशिकांना इजा होत असल्याचे दाखविते; यकृताची कार्यशक्ती किती उरली, हे त्यावरून कळत नाही. फारशा कोशिकाच शिल्लक नसल्यास ही पातळी उतरूही शकते आणि तिला सुधारणा मानणे ही घातक समजूत ठरते. कार्यशक्तीचा अंदाज यकृतातच तयार होणाऱ्या पदार्थांवरून येतो. रक्तातील अल्ब्युमीन हे प्रथिन घटते, तसेच रक्त साखळण्यास लागणारा वेळ वाढतो. के जीवनसत्त्व टोचूनही हा वेळ कमी न झाल्यास यकृताची हानी गंभीर समजावी. बिलिरुबीन या पित्तरंजकाची वाढ या रोगात उशिराची खूण आहे.

निर्णायक पुरावा यकृताच्या तुकड्याच्या परीक्षेत मिळतो. निरोगी यकृताच्या १ ग्रॅम शुष्क भारात तांबे सामान्यतः ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या रोगात ते अनेक पटींनी वाढते. विल्सन रोगातही तांबे साचते, परंतु त्यात रक्तातील सेरुलोप्लाझ्मीन बहुधा कमी असते. येथे ते कमी नसते.

हे तांबे कोठून येते, याचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह घेतला. पितळेच्या वा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापविलेले व साठविलेले वरचे दूध या मुलांना फार लवकर सुरू झाल्याचे आढळले (१९८३). दुधातील केसीन तांब्याला बांधून घेते; मातेच्या दुधात ते अल्प असते. कल्हईचा पातळ थर त्यामुळे केवळ चवीचा प्रश्न नव्हता. या मतावर आक्षेपही घेतले गेले, परंतु स्टील व ॲल्युमिनियमची भांडी रूढ होत गेली तसा रोगही ओसरला. ऑस्ट्रियातील टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने दगावल्याची नोंद आहे. तेथेही गाईचे दूध तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापवीत. एकाच घरातील सर्व मुले आजारी पडत नसल्याने आनुवंशिक प्रवणतेचाही भाग असावा.

तांबे मूत्रावाटे बाहेर काढणारे पेनिसिलामीन हे औषध कावीळ व जलोदर होण्यापूर्वी दिल्यास बरीच मुले वाचतात. नंतर त्याचा उपयोग फार थोडा होतो.