शिकता शिकता कमवावे का?

बारावीचा निकाल लागला की आमची मुले-मुली शाळा सोडल्याचा दाखला न्यायला येतात. तेव्हा कार्यालयाच्या ओट्यावर एक प्रश्न हमखास निघतो : "सर, कॉलेज करता करता काम धरू का?" सोबतचे वडील बहुधा गप्प असतात. त्या गप्प राहण्यात घरची सारी परिस्थिती आलेली असते. ओट्यावर उभ्याउभ्या ज्याचे उत्तर देता आले नाही, तो प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही सविस्तर मांडत आहोत.

शिकताना श्रम करण्यात कमीपणा नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा व शिका' हे सूत्र प्रत्यक्षात आणले. परंतु त्या योजनेतील एक गोष्ट आपण विसरतो. तेथे काम आणि शिक्षण एकाच छत्राखाली होते. त्यामुळे परीक्षा आली की काम मागे सरे. बाबासाहेबांनी वेगळा मार्ग चोखाळला. लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करायचे म्हणून १९१८ ते १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज घेतले आणि नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. पुढे १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले, तेव्हा नोकरदारांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवण्यात आले. तिन्ही ठिकाणी शिक्षणाच्या वेळेला धक्का लागू दिलेला नाही.

म्हणून पगार किती, हे विचारण्याआधी तास मोजावेत. आठवड्याचे तास १६८. महाविद्यालयाचे ३६, झोपेचे ४९, जाणे-येणे, जेवण, कपडे धुणे यांचे २५ आणि स्वतःच्या अभ्यासाचे २१ धरले, तर उरतात ३७. रोज चार तासांचे काम सहा दिवस केले आणि तेथवर जाण्या-येण्याला तासभर लागला, तर ३० तास जातात. ओढाताण होते, पण जमते. आठ तासांची पाळी मात्र ५४ तास घेते. वरचे १७ तास कोठून आणणार? झोपेतून, नाही तर वर्गातून.

आमचा एक गुणी विद्यार्थी शहरात विज्ञान शाखेला गेला आणि रात्री पार्सलच्या गोदामात लागला. येथे पहाटे वसतिगृहाची घंटा त्याला उठवी. तेथे उठवणारे कोणी नव्हते. सकाळची प्रात्यक्षिके बुडत गेली, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आली, परीक्षेला बसता आले नाही आणि शिष्यवृत्तीही अडकली. घरी मात्र तो दरमहा न चुकता पैसे पाठवत होता. आम्ही त्याला दोष देत नाही. त्याने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे, एवढे पाहून आम्ही निश्चिंत झालो. तो कशावर जगतो आहे, हे विचारले नाही.

काम शोधण्याआधी हक्काचे पैसे मागावेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरता येतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे; तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांची तरतूद केलेली आहे. महिना ६ हजारांचे काम दहा महिने केले तर एवढीच रक्कम हाती येते. म्हणजे कामापायी हजेरी गेली आणि हे साहाय्य थांबले, तर वर्षभराची मेहनत वजा-बाकीत शून्य. अडचण अशी की हे पैसे उशिरा पडतात आणि खानावळवाला थांबत नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांचा हा खड्डा शहरांतील माजी विद्यार्थ्यांनी उसनवारीने भरून काढला, तर कितीतरी मुले रात्रपाळीपासून वाचतील.

तरीही काम करावेच लागले, तर पहिले सत्र शक्यतो मोकळे ठेवावे. महाविद्यालयातच 'कमवा व शिका' योजना असेल तर ग्रंथालयातील वा प्रयोगशाळेतील दोन-तीन तासांचे काम आधी मागावे. पैसे कमी असतील, पण वेळापत्रक सांभाळले जाते. शिकवण्या किंवा औषधाच्या दुकानातील संध्याकाळचे कामही चालेल. मालकाला पहिल्याच दिवशी विचारावे : परीक्षेच्या पंधरवड्यात सुटी मिळेल का? तो आढेवेढे घेऊ लागला, तर ते काम धरू नये. ज्याच्यावर सारे घर अवलंबून आहे, त्याने पूर्णवेळ नोकरी करून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यावी. दोन्हीकडे अर्धवट राहण्यापेक्षा ते बरे, आणि त्यात हार मानण्यासारखे काही नाही.

पालकांना एक विनंती. मुलाने पैसे पाठवले की आनंद होतो, हे आम्ही जाणतो. त्याच फोनवर हजेरी किती झाली, हेही विचारावे. मुलींच्या बाबतीत तर काम धरण्याची परवानगी सहसा मिळत नाही आणि खर्च झेपेना म्हणून शिक्षणच थांबवले जाते. तेथे दोन तासांचे काम हा आधार ठरू शकतो.

यंदापासून दाखला देताना प्रत्येकाकडून १६८ तासांचा हिशेब कागदावर मांडून घ्यावा, असे आम्ही ठरवले आहे. वडिलांनी त्या वेळी बाहेर ओट्यावर न थांबता आत येऊन शेजारी बसावे.