विहिरीतले पोहणे आणि समुद्राचे पाणी

दिवाळी किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली, की गाडी लागू नये म्हणून गोळी मागणाऱ्यांची आणि ‘सोबत कोणती औषधे ठेवू’ असे विचारणाऱ्यांची दवाखान्यात गर्दी होते. जळगाव-धुळ्याची कुटुंबे पूर्वी वणी, शिर्डी, फार तर महाबळेश्वर करीत. आता थेट मालवण गाठतात. सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी स्कूबा, संध्याकाळी तारकर्लीच्या वाळूत पोरांचे डुंबणे, असा दिवसभराचा बेत असतो. जरूर जावे. पण मुलांच्या पोहण्याबद्दल विचारले, की बहुतेक बापांचे उत्तर ठरलेले. ‘‘मना पोऱ्या इहीरमा पव्हस, त्याले समुद्रनं काय भ्याव?’’

भय आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. विहिरीचे पाणी उभे असते. पाठीला डबा बांधून शिकलेला मुलगा दमला तरी चार हात मारून कडेला येतो. तापी-गिरणेला धार असते, पण ती डोळ्यांना दिसते. समुद्राचे तसे नाही. लाटा सतत किनाऱ्याकडे पाणी लोटतात आणि ते पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या दांड्याला जिथे खोलगट फट असते, तिथून ते अरुंद पट्ट्याने जोरात आत धावते. याला रिप करंट म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत जाऊ शकतो. पट्टीचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध टिकत नाही. फसगत अशी, की या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत. तिथले पाणी शांत दिसते आणि आईबाप नेमके तिथेच मुलांना उतरवतात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या सहलीतले ८ जण गेले. दोन्ही वेळी बुडालेले बहुतेक ऐन तारुण्यातले होते.

हा ओढा माणसाला खाली नेत नाही, आत नेतो. म्हणून त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये. माणूस दमतो आणि दमल्यामुळे बुडतो. उताणे तरंगावे, हात वर करून ओरडावे, जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावे आणि मग वळावे. वाचवायला मागून उडी घेणारा बाप पुष्कळदा स्वतःच जातो. त्याने दोर, रिकामा कॅन, काहीही तरंगणारे फेकावे.

ओहोटीच्या वेळी हा ओढा बहुधा अधिक जोर धरतो. भरती केव्हा, याचा अंदाज कोकणातली जुनी माणसे तिथीवरून बांधतात. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. षष्ठी असेल तर साडेचार. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाला, आपली मंडळी हौसेने उतरतात तेव्हा, ओहोटी लागलेली असते. हा अंदाजच, पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या कोळी बांधवाला किंवा जीवरक्षकाला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नये. (आपल्याकडे वाद घालायची हौस फार!)

उन्हाचेही तसेच. भुसावळचे ४५ अंश सोसलेला माणूस मालवणच्या ३३ अंशांना हसतो. पण आपली हवा कोरडी, घाम लगेच वाळतो आणि शरीर थंड होते. कोकणात दमटपणामुळे घाम नुसता ओघळतो, शरीर निवत नाही. किल्ल्यात फिरताना डोके दुखू लागले, मळमळले, तर सावलीत बसावे. ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर पाण्यात कालवून घोट घोट प्यावे. मधुमेही मंडळींनी अनवाणी तापल्या वाळूत जाऊ नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर भाजल्याचे कळत नाही, आणि ती जखम पुढे महिनोन्‌महिने पुरते.

होडीत बसताना जीवरक्षक जाकीट अंगावर बांधलेलेच हवे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोघे गेले. दमा, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण असेल, किंवा साधी सर्दी असली तरी स्कूबाच्या फंदात पडू नये. पाण्याखाली श्वास रोखून धरू नये. तसाच वर आल्यास फुप्फुसाला इजा होते. अंदमानला जाणाऱ्यांनी स्कूबानंतर १८ ते २४ तास विमानात बसू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. बुडालेल्याला बाहेर काढले, की आपल्याकडे त्याला उलटे टांगतात किंवा पालथे घालून पोट दाबतात. हे करू नका. त्याने पोटातले पाणी उलटून फुप्फुसात जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. त्याला उताणे झोपवा. हाक मारून जागा होत नसेल आणि श्वास नीट चालू नसेल, तर हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने तोंडात आधी श्वास भरा. मग छातीच्या मधल्या हाडावर तळहाताने ३० दाब द्या, प्रौढ माणसाची छाती ५ सेंटिमीटर खाली जाईल इतके, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. नंतर २ श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी त्याला रुग्णालयात न्या. पुढच्या काही तासांत फुप्फुसात पाणी साठून श्वास पुन्हा अडू शकतो.

हे वाचून हाताला वळण लागत नाही. सहलीला निघण्यापूर्वी घरातल्या एकाने तरी आपल्या डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. आमच्याकडे आलात तर मी गादीच्या लोडावर दाखवतो. दहा मिनिटे लागतात. फक्त सोमवारी येऊ नका, बाजारामुळे त्या दिवशी दवाखान्यात उभे राहायला जागा नसते.