सुरक्षा-झडप

जुन्या तांब्याच्या बंबाचे तोंड मोकळे असे. त्यात पाणी कितीही तापले तरी धास्ती नसे. विजेचा गीझर मात्र सर्व बाजूंनी बंद. त्यातील २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की लिटरच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक फुगते. त्याला वाट न मिळाली तर टाकी फुटावयाची! म्हणून तिला स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते. दाब वाढताच ती उघडते व वाढलेले पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडते. तेथे खुंटी ठोकणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. गीझर थंड असतानाही थेंब गळू लागले, तर मात्र झडपेत बहुधा क्षाराचा कण अडकलेला असतो. वीज बंद करून, पाणी निवल्यावर मोठ्या माणसाने झडपेची दांडी क्षणभर उचलावी. कण वाहून जातो. तरीही गळती न थांबल्यास नवी झडप बसवावी.