पंडिता रमाबाईंचे वैचारिक गद्य आणि अमेरिका : एक अभ्यास

प्रस्तावना

पुनावळे, ताथवडे, हिंजवडी या पट्ट्यात अमेरिकेत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेल्या व्यक्तीचे घर आज कोणालाही नवलाचे वाटत नाही. याच परिसरातील महाविद्यालयांत मराठी, इतिहास वा समाजशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांना मात्र एकोणिसाव्या शतकात एका मराठी स्त्रीने अमेरिकेवर लिहिलेल्या सविस्तर ग्रंथाची ओळख बहुधा केवळ नावापुरती असते. पंडिता रमाबाई (1858–1922) यांचे नाव शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन आणि धर्मांतराचा वाद या तीन संदर्भांत सतत येते. लेखिका म्हणून त्यांचा विचार तुलनेने कमी झाला. समाजसुधारक म्हणून केलेले कार्य मोठे ठरले की त्या व्यक्तीचे लेखन त्या कार्याची तळटीप मानले जाते. रमाबाईंच्या बाबतीत हेच घडले. प्रस्तुत लेखात त्यांच्या ललितेतर गद्याचा, विशेषतः अमेरिकेशी निगडित असलेल्या दोन ग्रंथांचा, परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभीचे लेखन

संस्कृत विद्येच्या बळावर 1878 मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाध्या मिळविणाऱ्या रमाबाई पतिनिधनानंतर 1882 मध्ये पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. हे पुस्तक वाचताना आजच्या अभ्यासकाची काहीशी निराशा होते. भाषा संस्कृतप्रचुर आहे, सूर उपदेशाचा आहे, आणि स्त्रीच्या अवनतीचा बराचसा दोष स्त्रीच्याच अज्ञानावर व आळसावर ठेवलेला आहे. तत्कालीन सुधारक पुरुषांना सहज मान्य व्हावी अशीच ही मांडणी होती. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात अध्ययन व अध्यापन केले. फेब्रुवारी 1886 मध्ये त्या अमेरिकेस निघाल्या, त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या फिलाडेल्फिया येथील पदवीदान समारंभासाठी. तो समारंभ 11 मार्च 1886 रोजी झाला. रमाबाईंचा मुक्काम मात्र 1888 च्या अखेरपर्यंत लांबला.

दोन ग्रंथ, दोन वाचक

या वास्तव्यातून दोन पुस्तके निर्माण झाली. 1887 मध्ये फिलाडेल्फियात ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला तेथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांची प्रस्तावना आहे. मायदेशी परतल्यावर 1889 मध्ये मुंबईत ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा मराठी ग्रंथ निघाला. पहिला ग्रंथ अमेरिकनांना हिंदू स्त्रीविषयी सांगतो, दुसरा मराठी वाचकाला अमेरिकेविषयी. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने एकाच लेखणीतून उतरलेले हे ग्रंथ एकमेकांसमोर धरलेल्या दोन आरशांसारखे आहेत. त्यांपैकी एकच वाचणाऱ्यास रमाबाईंचे अर्धेच दर्शन घडते.

इंग्रजी पुस्तकाची रचना एखाद्या अभियोगपत्रासारखी आहे. बालपण, वैवाहिक जीवन, धर्म व समाजातील स्थान, वैधव्य असा स्त्रीच्या आयुष्याचा क्रम घेत घेत लेखिका अखेरीस आवाहनाशी येऊन पोहोचते. स्वावलंबन, शिक्षण आणि एतद्देशीय स्त्री-शिक्षिका या तीन गरजा तेथे मांडलेल्या आहेत. हेतू स्पष्ट होता : विधवांच्या शाळेसाठी साहाय्य मिळविणे. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि दहा वर्षे साहाय्य करण्याचे तिने मान्य केले. मदत मागणाऱ्या लेखनात चित्र गडद होते, हे ध्यानात घेऊनच हा ग्रंथ वाचावयास हवा. त्याच्या शीर्षकातच त्याची मर्यादाही सांगितलेली आहे. हा ग्रंथ उच्चवर्णीय स्त्रीचा आहे. शेतात राबणारी, पुनर्विवाहाची रूढी असलेल्या जातींतील स्त्री त्यात अभावानेच दिसते.

‘लोकस्थिति’चे स्वरूप

मराठी ग्रंथाचे शीर्षक लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. ‘प्रवासवृत्त’ हा शब्द त्यात दुसऱ्या स्थानी आहे. पहिला मान ‘लोकस्थिती’ला दिलेला आहे. लिव्हरपूलपासून फिलाडेल्फियापर्यंतच्या सागरप्रवासाने ग्रंथाचा आरंभ होत असला, तरी लेखिका प्रवाशाची भूमिका लवकरच बाजूला ठेवते आणि राज्यपद्धती, सामाजिक व गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती असे विषय क्रमाने हाती घेते. आकडेवारी, इतिहास आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांची सांगड घालणारे हे गद्य आजच्या परिभाषेत समाजशास्त्रीय म्हणता येईल. ‘स्त्रीधर्मनीति’तील जडपणा येथे पुष्कळसा ओसरलेला आहे. आपण काही सिद्ध करावयास निघालो आहोत, हे ठाऊक असलेल्या माणसाची ही भाषा आहे.

सिद्ध काय करावयाचे होते? ब्रिटिशांची वसाहत असलेला एक देश स्वतंत्र होऊन प्रजासत्ताक चालवू शकतो, हे 1889 मधील मराठी वाचकापुढे ठेवणे ही साधी माहिती नव्हती. राष्ट्रीय सभेची स्थापना होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती, आणि त्याच वर्षीच्या मुंबई अधिवेशनास रमाबाई स्वतः प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या. त्याहून महत्त्वाचा दुसरा मुद्दा स्त्रियांचा. अमेरिकन स्त्रीची उन्नती कोणी दान म्हणून दिलेली नाही, तिने संस्था उभारून ती मिळविली, असा या प्रकरणाचा आशय आहे. हॅरिएट मार्टिनो या इंग्रज लेखिकेने अर्धशतकापूर्वी पाहिलेल्या अमेरिकेत स्त्रियांना मोजकेच व्यवसाय खुले होते. त्या नोंदीशी तुलना करून रमाबाई मधल्या काळातील बदल दाखवितात. फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखालील मद्यपाननिषेधक स्त्री-संघटनेचा त्यांच्यावर विशेष प्रभाव पडला होता. 1882 मध्ये स्त्रीच्या आळसाला दोष देणारी लेखणी सात वर्षांनी स्त्रियांच्या संघटनेचे शास्त्र सांगू लागते, हा विकास मराठी वैचारिक गद्याच्या इतिहासात नोंदविण्यासारखा आहे.

अमेरिकेची तुलना सामाजिक प्रश्नासाठी वापरणाऱ्या रमाबाई पहिल्या नव्हेत. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ नीग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कार्यात औदार्य दाखविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांस अर्पण केला होता. फुले यांना अमेरिका दिसली ती दास्यमुक्तीच्या लढ्यातून, रमाबाईंना ती स्त्रियांच्या संस्थांतून. (‘सत्सार’मध्ये 1885 साली फुले यांनी रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली, हे येथे आठवते.) तथापि रमाबाईंची दृष्टी भाबडी नव्हती. मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि दास्य संपल्यानंतरही टिकून राहिलेला वर्णद्वेष यांची त्या स्पष्ट निंदा करतात. असे असले तरी स्त्रीविषयक विवेचनाचा भर शिक्षित, मध्यमवर्गीय, गौरवर्णीय स्त्रियांच्या कार्यावरच राहतो, आणि अमेरिकेतील उणिवांपेक्षा तिचे अनुकरणीय गुण अधिक जागा व्यापतात. इंग्रजीत हिंदू समाज गडद आणि मराठीत अमेरिका उजळ : दोन्हीकडे लेखिकेसमोर विशिष्ट वाचक आणि त्याच्याकडून अपेक्षित असलेली विशिष्ट कृती आहे. हा पक्षपात मानण्यापेक्षा प्रबोधनपर गद्याची रीत मानणे अधिक न्याय्य होईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ग्रंथाचे पुढे काय झाले

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. 1890 मध्ये ते पुण्यास आले. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि 1893 मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. त्याच वर्षी सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. वादाच्या या धुरळ्यात ‘लोकस्थिति’ मागे पडली. रमाबाईंचे पुढील लेखन, 1907 मधील आत्मनिवेदन आणि बायबलचे मराठी भाषांतर, धार्मिक स्वरूपाचे असल्याने त्यांचे आधीचे लौकिक गद्यही त्याच कप्प्यात टाकले गेले. धर्मांतरित लेखिकेचा ग्रंथ अभ्यासक्रमाबाहेर ठेवण्यास कोणाला ठराव करावा लागला नाही. न वाचणे पुरेसे होते.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1996 मध्ये या ग्रंथाचे पुनर्मुद्रण केले. 2003 मध्ये अमेरिकेत त्याची दोन स्वतंत्र इंग्रजी भाषांतरे एकाच वर्षी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक मीरा कोसंबी यांचे आहे. तेव्हापासून स्त्री-अभ्यास आणि प्रवासलेखन या विषयांच्या इंग्रजी चर्चेत हा ग्रंथ आधारासाठी घेतला जातो. मराठी विभागातील ‘एकोणिसाव्या शतकातील गद्य’ शिकविताना ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’मधील वैधव्याचे प्रकरण आणि ‘लोकस्थिति’तील स्त्रियांच्या स्थितीचे प्रकरण एका आठवड्यात शेजारी ठेवून वाचणे सहज शक्य आहे; त्यासाठी मूळ मराठी पाठ्य आपल्याजवळ आहेच.