विश्लेषण : पाऊस, भंडारा आणि अंधारी खोली... सहलीला निघताना मिररलेस कॅमेऱ्यासोबत काय घ्यावे?

ऑगस्टच्या अखेरीस कास पठारावर फुले येऊ लागली, की सातारा-सांगलीकडे निघणाऱ्यांच्या बॅगेत आता मोबाइलबरोबर छोटा मिररलेस कॅमेराही असतो. कॅमेरा घेताना हजारो रुपये मोजले जातात आणि वर ‘फ्री किट’ म्हणून पिशवी, हलका ट्रायपॉड, फिल्टरचा डबा आणि साफसफाईचा संच मिळतो. यातल्या निम्म्या वस्तू सहलीत पिशवीतून बाहेरच निघत नाहीत. जे लागते ते मात्र ऐन वेळी नसते. कोणती वस्तू घ्यायची, हे कॅमेऱ्यापेक्षा आपण कुठे आणि कोणत्या महिन्यात चाललो आहोत यावर ठरते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत त्याची तीन चांगली उदाहरणे मिळतात : कासचा पाऊस, पालचा भंडारा आणि मिरजेतील सतार कारागिरांच्या खोल्या.

मिररलेसची नाजूक बाजू कोणती?

जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तरी सेन्सरपुढे आरसा आणि शटर असे. मिररलेसमध्ये आरसा नाही आणि अनेक मॉडेलमध्ये कॅमेरा बंद केल्यावरही शटर उघडे राहते. त्यामुळे लेन्स बदलताना सेन्सर थेट हवेत उघडा पडतो. दुसरे दुखणे बॅटरीचे. फोटो काढा अथवा न काढा, स्क्रीन किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सतत चालू राहतो. छोट्या मॉडेलची बॅटरी कंपनीच्या मोजमापानुसार साधारण ३०० ते ४५० फोटो चालते. व्हिडीओ काढला तर त्याहून लवकर संपते.

म्हणून पहिली खरेदी जादा बॅटरीची. ती मूळ कंपनीची किंवा नावाजलेल्या ब्रँडची असावी, कारण स्वस्त बॅटरी चार्जचा आकडा चुकीचा दाखवतात आणि कालांतराने फुगतात. कॅमेऱ्याला यूएसबी-सी चार्जिंग असेल तर पीडी प्रकारची पॉवर बँक दुहेरी कामाला येते. मात्र काही मॉडेल कॅमेरा बंद असतानाच चार्ज होतात, हे घरी तपासून पाहावे.

मेमरी कार्डात फार अडकू नये. फोर-के व्हिडीओचा दर सेकंदाला १०० मेगाबिट धरला, तरी तो साडेबारा मेगाबाइटच होतो. त्यासाठी सेकंदाला किमान ३० मेगाबाइटची हमी देणारे ‘व्ही ३०’ कार्ड पुरते. याच दराने तासाभराच्या व्हिडीओला सुमारे ४५ जीबी जागा लागते. एका मोठ्या कार्डापेक्षा ६४ जीबीची दोन कार्डे बरी, एक बिघडले तर निम्मी सहल तरी हाती राहते.

कासला काय लागते?

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचे कास २०१२ मध्ये पश्चिम घाटासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. म्हणजे मिळालेल्या दिवशी पाऊस असो वा धुके, फोटो त्यातच काढायचे.

छोटे कॅमेरे आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या किट लेन्स बहुतेक वेळा पाण्यापासून सुरक्षित नसतात. दुकानात मिळणारे रेनकव्हर चांगलेच, पण लॉजमधली आंघोळीची प्लॅस्टिक टोपी किंवा लेन्सपुरते छिद्र पाडून रबरबँड लावलेली जाड पिशवीही तेच काम करते. लेन्स हूड मात्र विसरू नये, पावसाचे तिरके थेंब तोच अडवतो. टिपायला सुती पंचा आणि काचेसाठी दोन-तीन मायक्रोफायबर फडकी हवीत. एकच फडके तासाभरात भिजून निरुपयोगी होते.

फिल्टरच्या डब्यातला कामाचा फिल्टर एकच, सर्क्युलर पोलरायझर. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चमक तो कमी करतो, तेव्हा हिरवा रंग खरा दिसतो. त्या बदल्यात तो निम्मा ते पाऊण प्रकाश खातो, त्यामुळे दाट धुक्यात काढून ठेवावा. घेताना लेन्सच्या पुढच्या कडेवरचा आकडा पाहावा. सोनीच्या १६-५० पॉवर झूमला ४०.५ मिलिमीटर, निकॉनच्या १६-५० ला ४६, कॅननच्या आरएफ-एस १८-४५ ला ४९, फुजीच्या एक्ससी १५-४५ ला ५२ मिलिमीटरचा फिल्टर बसतो.

सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू ही कासची फुले आणि झाडे बोटाच्या पेराएवढी. किट लेन्स इतक्या जवळचे नीट टिपत नाही. वेगळी मॅक्रो लेन्स महाग असते; त्याऐवजी फिल्टरसारखी पुढे फिरवून बसवायची क्लोज-अप काच घेता येते. ‘+४’ची काच लावून लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर २५ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट येते. कडा थोड्या मऊ दिसतात, पण फुलाच्या फोटोत ते खटकत नाही.

ट्रायपॉड पठारावर नेऊच नये. त्याचे पाय फुलांवरच रोवले जातात आणि चिंचोळ्या पायवाटेवर मागच्यांची रांग अडते. जुन्या अभ्र्यात किलोभर ज्वारी भरून शिवलेली पिशवी वाटेच्या कडेला ठेवली, की कॅमेरा जमिनीलगत स्थिर राहतो. वळणारी स्क्रीन असेल तर चिखलात झोपावेही लागत नाही. हीच पिशवी एखाद्या धबधब्याच्या कठड्यावरही चालते.

भंडाऱ्यात कॅमेरा कसा जपायचा?

कराड तालुक्यातील पाल येथे तारळी नदीकाठी पौषात खंडोबा-म्हाळसेचा विवाहसोहळा होतो. भंडाऱ्याच्या उधळणीने माणसे, रथ, नदीकाठ सगळे पिवळे होते. फोटोसाठी यासारखा देखावा नाही आणि कॅमेऱ्यासाठी यासारखी परीक्षाही नाही. हळदीचे कण बारीक, किंचित तेलकट आणि डाग पाडणारे असतात. ते रबरी पकडीवर, बटणांच्या फटीत आणि झूमच्या नळीवर चिकटतात.

येथे घेण्यापेक्षा न करण्याच्या गोष्टी जास्त. दिवसभरासाठी एकच लेन्स घरून लावून निघावे, यात्रेत ती बदलू नये. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर हळदही. म्हणून झूम एका जागी ठेवून चार पावले स्वतः चालावे. ‘लेन्ससाठी यूव्ही फिल्टर हवाच’ हा दुकानदारांचा आग्रह एरवी सोडून द्यावा, पण यात्रेत तो खरा ठरतो. डाग पडला तर फिल्टर बदलता येतो, लेन्सची पुढची काच बदलणे महागात जाते. गणेश विसर्जनाच्या गुलालालाही हेच लागू.

साफ करताना क्रम चुकवू नये. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी फडके. थेट फडके फिरवले तर कण काचेवर घासले जातात. तोंडाने फुंकर मारली तर बाष्पाने हळद ओली होऊन चिकटते. सेन्सरवर कण गेलाच, तर कॅमेरा सर्व्हिस सेंटरला द्यावा. ब्लोअर ही काही शे रुपयांची वस्तू, आणि फुकटच्या किटमधला फारच किरकोळ असतो. हा मात्र चांगला घ्यावा.

मिरजेत फ्लॅश की लेन्स?

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा कोरणारे, तारा जुळवणारे कारागीर बहुधा दारातून येणाऱ्या उजेडात काम करतात. येथे फ्लॅश लावला की लाकडाची झिलई पांढरी पडते आणि काम करणाऱ्याचे डोळे दिपतात. फ्लॅशचे पैसे एफ १.८ ऍपर्चरच्या प्राइम लेन्सकडे वळवावेत. झूम केल्यावर एफ ५.६ वर जाणाऱ्या किट लेन्सपेक्षा ती साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. फोटोआधी कारागिराची परवानगी मागावी, हे वेगळे सांगायला नको.

परतल्यावर काय?

एसी गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला, तर गार काचेवर बाष्प साचते. उतरण्याआधी अर्धा तास एसी बंद करावा, किंवा तेवढा वेळ बॅग बंद ठेवूनच बाहेरच्या हवेला सरावू द्यावी. घरी आल्यावर ओली बॅग आणि कॅमेरा वेगवेगळे वाळवावेत. मग कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा. तांदूळ नको, त्याचे पीठ लेन्समध्ये शिरते. रंग बदलणाऱ्या सिलिका जेलमध्ये नारिंगी निवडावे. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असते, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. ओलाव्यात पडलेल्या लेन्सवर बुरशी धरते आणि ती काचेचे कोटिंग खाऊ लागली, की साफ केल्यावरही जाळीसारखी खूण उरते. किट लेन्स उघडून साफ करण्याचा खर्च बऱ्याचदा जुन्या बाजारातल्या तशाच लेन्सच्या किमतीजवळ जातो.