नकाशा खेळाडूनेच काढावा

‘विझर्ड्री’ (१९८१) हा संगणक-खेळ खेळणारे त्यातल्या भुयाराचा २० बाय २० चौकोनांचा एकेक मजला आलेख-कागदावर उतरवत. अॅटलस कंपनीच्या ‘एट्रियन ओडिसी’ या खेळाने २००७ मध्ये हेच काम निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या खेळयंत्राच्या खालच्या टचस्क्रीनवर आणले. यंत्र क्षणात करते ते हाताने कशाला, असा अनेक खेळाडूंचा आक्षेप असतो. वेळ जातो हे खरेच. पण ‘एट्रियन ओडिसी’तले बलाढ्य शत्रू नकाशावर दिसतात आणि आपण पाऊल टाकले की बहुधा तेही पाऊलभर सरकतात. म्हणून प्रत्येक वळण स्वतः नोंदवणाऱ्याच्या डोक्यात त्यांना चुकवण्याची वाट आपोआप तयार होते, आणि खेळ पाळीपाळीने चालत असल्याने ती पारखायला सवडही मिळते. ही संथपणाची नव्हे, विचाराची गती आहे. नवख्यांनी स्वयंचलित नकाशा बंद ठेवूनच सुरुवात करावी.